कमान उसळली पाहिजे

साल एकोणीसशे पंच्याऐंशी. माझं वय चव्वेचाळीस. औरंगाबादेत जालना रोडवर, चिकलठाणा यायच्या थोडं अलीकडं, रस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड होती. शेडला पाटी नव्हती. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला पाटी लागते. ट्रकवाले नुसतं म्हणायचे, "कमानवाल्या मिस्तरीकडं घे." वैजापूरचा कापूस असो, कांदा असो, नाहीतर जालन्याचं लोखंड असो, गाडी एका अंगाला बसली की माझ्याच दारात येऊन उभी राहायची.

संपादक साहेबांनी सांगितलं, धंद्याबद्दल लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका, वाचणारे कंटाळतात. बरं झालं. माझं शिक्षण सांगायला दोन ओळी पुरतात. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि शाळेत उर्दूची अक्षरं निम्मी शिकलो होतो. ॲक्शन झाली, सरकार बदललं, मास्तरांनी सांगितलं आता मराठी. मी म्हणालो, हे म्हणजे अर्धी भिंत पाडून पुन्हा पायापासून. मी शाळा सोडली आणि बापाच्या भट्टीवर बसलो. मराठी पुढं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. म्हणून माझ्या लिहिण्यात काही चुकलं तर त्याचा जाब पाट्या रंगवणाऱ्यांना विचारावा.

आता धंदा. गाडीच्या खाली, चाकाच्या आसापाशी, लोखंडाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. एका पट्टीला पाटा म्हणतात. सगळे पाटे मिळून कमान, कारण ते धनुष्यासारखे वाकवलेले असतात. चाक खड्ड्यात गेलं की कमान दबते, खड्डा संपला की परत वर येते. चालून चालून पाटा सरळ होतो. त्याला आम्ही 'कमान बसली' म्हणतो. मग पाटा काढायचा, भट्टीत लाल करायचा, ठोकून बाक आणायचा, तेलात बुडवायचा आणि पुन्हा हलका शेक द्यायचा. हा शेवटचा शेक चुकला तर पाटा काचेसारखा फुटतो. मी चिमट्यानं पाटा धरायचो आणि आमची मंडळी, म्हणजे गंगूबाई, घण मारायची. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. ती म्हणायची, "बघा, बघा. घरी जाऊन बायकूला सांगा, पन तिच्या हाती घण दिऊ नका."

ह्या धंद्यात शब्द एकच, उसळणं. बाकी सगळं त्याच्यासाठी. आणि लोकांनी सगळ्यात जास्त वाट लावली ती ह्याच शब्दाची. पेपरात रोज जनसागर उसळतो. सभेत राग उसळतो, उत्साह उसळतो. निवडणुकीत पडलेला माणूस पुन्हा उसळी घेतो म्हणतात. माझ्याकडं येणारं गिऱ्हाईक तर हमखास म्हणायचं, "मिस्तरी, गाडी लई उसळते, तेवढं बंद करा."

मी विचारायचो, "गाडी उसळते का तुम्ही उसळता?"

"एकच की!"

एकच नाही. चेंडू भिंतीला मारला की परत येतो, तो उसळला. चिखलाचा गोळा मारला की तिथंच चिकटतो, तो आदळला. दाबलं तेवढं परत येणं आणि मग गप राहणं, ह्याला उसळणं म्हणतात. परत आल्यावरही जो नाचतच राहतो तो उसळत नाही, तो उंडारतो. कमान उसळली तर वरचा माणूस बसून राहतो. कमान उसळली नाही तर माणूस उसळतो. एवढं समजायला शाळा लागत नाही, पण बुडाखाली सीट लागते.

उस्मानपुऱ्यातले एक रिटायर अव्वल कारकून होते, कुलकर्णी म्हणून. त्यांनी जुनी मोटार घेतली होती. त्यांना बायकोला घेऊन दर महिन्याला वैजापूरला लेकीकडं जायचं असायचं. ते मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी गडू घेऊन बसायचे. पाणी सांडलं की कमान खराब, असा त्यांचा हिशेब. तीनदा माझ्याकडं आले, तिन्ही वेळा ओल्या धोतरानं.

"विश्वनाथराव, अजून सांडतंय."

मी म्हणालो, "काका, गडू अर्धा भरा."

"मग कमान चांगली की वाईट ते कसं कळणार?"

"काकूंना विचारा."

काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मला गेल्या खेपेपासून काही लागत नाही हो. पण ह्यांचं धोतर ओलं झाल्याशिवाय ह्यांना प्रवास झाल्यासारखा वाटत नाही."

कुलकर्णी काकांनी गडू नाही सोडला. मी कमानीला हात नाही लावला. आमचं एकमेकांशी चांगलं जमलं.

खरी भानगड पुढाऱ्यांच्या जीपची. ती पद्धत माझ्याच शेडमधून निघाली, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणी त्याचं श्रेय घेऊ नये. एका गावचे नवे सरपंच आले होते. त्यांच्या जीपमध्ये कार्यकर्ते इतके कोंबलेले असायचे की मागची कमान पार बसली होती. मी प्रत्येक कमानीला एक एक पाटा जादा चढवला. जीप चार बोटं उंच झाली. सरपंचांनी लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "आता दिसते गाडी पदाला शोभंल अशी."

झालं. पुढच्या आठवड्यात शेजारगावचे सरपंच आले, "मलाबी एक पाटा." त्यांच्या जीपमध्ये कार्यकर्तेच नव्हते, तरी पाटा पाहिजे. सरपंचांनी एक चढवला म्हणून पंचायत समितीच्या मेंबरांनी दोन चढवले. मेंबरांनी दोन चढवले म्हणून सभापतींनी तीन. वर्ष-दोन वर्षांत अशी गत झाली की जीप रस्त्यानं जाताना चहाच्या टपरीवरचे लोक वाकून खाली बघायचे आणि सांगायचे, "दोन-पाटी चालला." कोणी निवडून आलं की हार घालून आधी माझ्या दारात. मी पाटा चढवायचो, गंगूबाई त्याला हळद-कुंकू लावायची, कार्यकर्ते नारळ फोडायचे.

मी प्रत्येकाला सांगायचो, "साहेब, वजन नाही आणि पाटे जास्त, मग कमान दबणारच नाही. दबली नाही तर उसळणार कशी? गाडी लाकडाच्या ओंडक्यासारखी चालंल. तुमचीच हाडं खिळखिळी होतील." ते म्हणायचे, "होऊ द्या. समाजकार्यात हाडं झिजवायचीच असतात."

एकदा चढलेला पाटा मात्र कोणी उतरवत नसे. पाटा उतरला म्हणजे माणूस उतरला.

त्या वर्षी निवडणूक तोंडावर आली होती आणि आमच्या भागातल्या सभापतींना आमदारकीचं तिकीट पाहिजे होतं. त्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही दादाच म्हणतो. दादांची जीप तीन-पाटी. दादांची कंबर आधीपासून नाजूक, त्यात दिवसभर खेड्यापाड्यातले रस्ते. कमरेला चामड्याचा पट्टा आला. पट्ट्यानं भागेना म्हणून सीटवर बायकोची उशी आली. जीप खड्ड्यात गेली की दादा टपाला डोकं लावून परत उशीवर यायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "आंधळा हायेस का रं?"

ड्रायव्हर किती बदलले ते दादांनाही आठवत नसेल. पाटे तेच राहायचे, ड्रायव्हर बदलायचा. ह्या वेळी गाडीवर हमीदभाई होते. हमीदभाई म्हणजे माझा जुना दोस्त. माझ्या आधीपासून ह्या रस्त्यावर ट्रक चालवलेले, हात असा की पाटा तुटलेली गाडीही न हिंदकळता शेडपर्यंत आणायचे. उस्मानपुऱ्यात घर, घरात पाच लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली आई. ट्रकवर गेलं की आठ-आठ दिवस घर नाही, म्हणून आईसाठी त्यांनी ट्रक सोडून जीप धरली होती. रोज संध्याकाळी घरी जाता यायचं.

एक दिवस सकाळी शेड उघडतोय तेवढ्यात दादांची जीप आली. पुढं हमीदभाई, शेजारी दादा, मागं गुरुजी. गुरुजी म्हणजे पूर्वी खरंच शाळेत शिकवायचे, आता दादांची भाषणं लिहायचे आणि दादांच्या आधी हसायचे.

दादा उतरले ते दोन टप्प्यांत. आधी पाय, मग थोडं थांबून बाकीचे दादा.

"मिस्तरी," दादा म्हणाले, "आज वैजापूरला मार्केट यार्डात सभा हाय. वरून निरीक्षक येणार हायेत. तिकिटाचं तिथंच ठरनार. मला व्यासपीठावर सरळ उभं राहायचंय. गाडीचं हे उसळणं बंद कर."

"बंद करतो. दोन-दोन पाटे काढतो."

गुरुजी मोठ्यानं हसले, पण दादा हसले नाहीत म्हणून अर्ध्यावर थांबले.

दादा म्हणाले, "पाटा एकबी काढायचा नाय. निवडणुकीच्या तोंडावर पाटे उतरवू? लोक काय म्हनतील?"

"मग गाडी अशीच चालंल."

"मागच्या ड्रायव्हरच्या टायमाला बरी चालत होती."

"मागच्याच्या टायमाला तुम्ही त्याच्या मागच्याचं नाव घेत होता, दादा."

दादांनी माझ्याकडं बघितलं, मग हमीदभाईकडं. "म्हंजी ड्रायव्हरच बदलायला पायजे. हमीद, आज सभेहून आलो की चावी गुरुजींकडं दे."

हमीदभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला, घडी उलगडली, परत तशीच घातली. मला हे बघवलं नाही. मी म्हणालो, "दादा, मला दुपारपर्यंत गाडी द्या. मी सोबत वैजापूरला येतो. कंबर दुखली तर भरसभेत मला चप्पल मारा. नाही दुखली तर हमीदभाईला हात लावायचा नाही. कबूल?"

"तू करनार काय?"

"दोन पा—"

"सांगू नको!" दादांनी हात वर केला. "मला सांगूच नको. मला ठाऊक नसलं की मला नाय म्हनता येतं." असं म्हणून ते गुरुजींना घेऊन दुसऱ्याच्या गाडीनं चिकलठाण्यातल्या एका कारखानदाराकडं चहाला निघून गेले. राजकारण मला समजत नाही, पण ते वाक्य मला लई आवडलं. असं वाक्य बोलता आलं असतं तर मीही दोन-पाटी झालो असतो.

जीप ठोकळ्यांवर घेतली. हमीदभाई बोल्ट सोडायला लागले. गंगूबाई भट्टीच्या कडेला बसून बघत होती. ती म्हणाली, "आवो, एक सांगू का? काढलेल्या पाट्यांची टोकं कापून नुसती वरनं बांधा. भार नाय घेनार, पन दिसतील. मोजनाऱ्यानं तीन मोजले की झालं."

हमीदभाईंनी पाना खाली ठेवला. "भाबी सही बोल रही, मिस्तरी. दिखने कू तीन, चलने कू कुछ नक्को. मेरा भी भला, दादा का भी भला."

मी म्हणालो, "नाही."

"काय्कू नहीं?"

"माझ्या हातच्या कमानीत खोटा पाटा बसणार नाही."

गंगूबाई म्हणाली, "आनि खरे पाटे बसवले ते कशाला बसवले व्हते? गरज व्हती व्हय?"

"गरज नव्हती, पण पाटे खरे होते."

"मानसाच्या पोटापरीस तुमचा पाटा मोठा हाय का?"

मी जीपखाली सरकलो. ज्याला उत्तर नसतं तो प्रश्न मी ऐकलेलाच नसतो, ही माझी सवय सगळ्या जालना रोडला माहीत आहे. मला वाटत होतं, एकदा दादांची कंबर सुखावली की पाटे कोण बघतो? आजही सांगतो, धंद्याच्या हिशेबानं माझं बरोबर होतं.

दुपारपर्यंत चारही कमानींचे दोन-दोन पाटे खाली आले. गंमत बघा, जादा पाट्यांच्या ओझ्याखाली मूळचे पाटे वर्षानुवर्षं हललेच नव्हते. गंज खरवडला तर खालून कारखान्यातून आल्यासारखे निघाले. मधून वंगण भरलं, बोल्ट आवळले. जीपच्या बंपरवर दोन्ही हात ठेवून दाबलं. खाली गेली, वर आली, गप उभी राहिली. हमीदभाईंनी दाबून बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. मग हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

दादा आले. त्यांनी मुद्दाम गाडीच्या खाली बघितलं नाही. समोर आभाळाकडं बघत आत बसले. गुरुजी आणि मी मागं. औरंगाबाद मागं पडलं, खड्डे सुरू झाले. पहिल्या मोठ्या खड्ड्याला दादांनी सवयीनं दोन्ही हातांनी दांडी धरली आणि डोळे मिटले. जीप खाली गेली, वर आली. दादांनी डोळे उघडले. दुसरा खड्डा. तिसरा. दादांनी दांडी सोडली. मग पट्ट्याचं बक्कल एक घर सैल केलं. थोड्या वेळानं मान एका बाजूला कलली.

गुरुजी घाबरून कुजबुजले, "मिस्तरी, दादांना काय झालं?"

"झोपले."

"दादा गाडीत झोपत नाहीत हो!"

"आजपर्यंत गाडी कुठं होती?"

हमीदभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं का धूळ, ते मी विचारलं नाही. नंतर सगळ्या रस्त्यानं ते हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते. मला वाटलं, जिंकलो.

वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगांच्या मध्ये मांडव घातला होता. जीप आली तशी माणसं धावली. दादा ताजेतवाने, ताठ, लग्नातल्या नवरदेवासारखे उतरले. इतकं सरळ उभं राहिलेलं त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. पण त्यांच्याकडं कोणी बघितलंच नाही. कार्यकर्ते एकामागून एक दादांच्या पाया पडायला वाकायचे, आणि वाकले की मान वळवून जीपच्या खाली बघायचे. उठताना चेहरा बदललेला.

एक म्हणाला, "एकच दिसतोय रं."

दुसरा म्हणाला, "नीट बघ."

तिसरा पुन्हा पाया पडला. एका दिवसात दादांच्या पाया इतक्या वेळा कधी कोणी पडलं नसंल. पाया पडणाऱ्यांची रांग वाढत गेली आणि दादांच्या मागं चालणाऱ्यांची कमी होत गेली.

भाषण सुरू झालं तोवर मांडवाच्या मागच्या बाजूनं सभा सरकायला लागली होती. मी कांद्याच्या पोत्यावर बसून ऐकत होतो. कोणी म्हणत होतं, वरूनच सांगणं आलं म्हणे पाटे उतरवा. कोणी म्हणत होतं, सभापतीपदही जाणार, म्हणून सरपंचाएवढा एकच ठेवलाय. एक म्हातारा तर म्हणाला, "मानूस चांगला व्हता बिचारा," जसं काही दादांचा दहावा आहे. मी उठून ओरडलो, "अरे, कमरेसाठी काढलेत! मी काढलेत! मी मिस्तरी!" तो म्हातारा म्हणाला, "व्हय बाबा, काढनारा मिस्तरीच आसतो, पन काढायला लावनारा येगळा आसतो."

निरीक्षक साहेबांनी व्यासपीठावरून हे सगळं बघितलं. त्यांना पाट्यांचं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की दादा बोलतायत आणि लोक उठून जातायत. त्यांनी मान डोलावली आणि समोरच्या दुसऱ्या इच्छुकाच्या तीन-पाटी जीपमध्ये बसून चहाला गेले.

सभा संपली. गुरुजी आता हसतही नव्हते. दादा जीपपाशी आले आणि पहिल्यांदा खाली वाकून बघितलं. सरळ, सहज वाकले. सकाळी त्यांना बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

"मिस्तरी," ते म्हणाले.

"दादा, कंबर दुखली का?"

"नाय."

"मग शब्द शब्द असतो. हमीदभाईला हात लावायचा नाही."

दादा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही, हे मला जास्त लागलं. "मिस्तरी, कंबर माझी हाय. पाटे लोकांचे हायेत." मग हमीदभाईला म्हणाले, "गाडी बंगल्यावर लाव. चावी आत दे. उद्यापासून येऊ नको." आणि ते एका सरपंचाच्या एक-पाटी जीपमध्ये, मागच्या सीटवर, कार्यकर्त्यांच्या मधोमध बसून गेले. त्या जीपनं यार्डाच्या फाटकातच त्यांना टपाला लावलं.

परतीच्या रस्त्यावर जीपमध्ये मी आणि हमीदभाई दोघंच. गाडी काय चालत होती! ओझं नाही, खड्डे तेच, आणि आतमध्ये पाळण्यात बसल्यासारखं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हमीदभाई, कशी चालतीय?"

"मक्खन," ते म्हणाले. बऱ्याच अंतरानं पुन्हा म्हणाले, "मक्खन खा के कितने दिन पेट भरता, मिस्तरी?"

शेडपाशी मला उतरवलं आणि ते बंगल्याकडं गेले. मी लांब जाणारी जीप बघत राहिलो. रस्त्यावरचा मोठा खड्डा आला, जीप खाली गेली, वर आली, गप झाली. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी चांगली कमान मी लावली नाही. आणि लावल्याचं इतकं वाईटही कधी वाटलं नाही.

गंगूबाईनं भाकरी वाढली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, मी सांगितलं होतं. ती तसं म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडल्यावर मला बरं वाटतं. ती एवढंच म्हणाली, "कमान उसळली, हमीदभाई उडाले. पुढं काय?"

आता वाचणाऱ्याला वाटंल, इथं मिस्तरी सांगणार की मला खोटे पाटे लावायला पाहिजे होते. नाही सांगणार. गंगूबाई जाईस्तोवर मला हेच ऐकवत राहिली, मी ऐकत राहिलो, पण मानलं नाही. खोटा पाटा लावला असता तर हमीदभाई राहिले असते, दादा आमदार झाले असते, आणि मग आमदाराला चौथा पाटा पाहिजे झाला असता. मी कुठं कुठं खोटं बसवत फिरलो असतो? पण माझा हट्ट माझा आणि त्याचा भुर्दंड हमीदभाईला, हे काही मला पटेना. हट्ट करायचा तर पुरता करावा. अर्धा हट्ट म्हणजे अर्धा शेक दिलेला पाटा, ऐन रस्त्यात फुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडली, पण भट्टी पेटवली नाही. कोळशाचा तुकडा घेतला आणि दर्शनी पत्र्यावर, हात पोहोचतो तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: हमीदभाईला गाडी मिळस्तोवर काम बंद. आणि दारात बाज टाकून बसलो.

पहिला आला तो जालन्याचा लोखंडवाला. त्यानं वाचलं, हसला, मग मला हसताना बघितलं नाही म्हणून शिव्या देत गेला. दुसऱ्यानं विचारलं, "हमीदभाई तुमचा कोण?" मी म्हणालो, "गिऱ्हाईक." तोही गेला. तिसरा वैजापूरचा कांदेवाला शेठ. भरलेला ट्रक, मुख्य पाटा तुटलेला, गाडी एका अंगाला लोळलेली.

"मिस्तरी, चेष्टा पुरे. कांदा सडंल."

"सडू द्या."

"दुसरीकडं नेईन."

"नेऊन बघा. फाट्यापर्यंत गेली तर माझं नाव बदला."

शेठनी घाम पुसला. "आता माझ्या ट्रकला ड्रायव्हर हाय. त्याला काय उतरवू?"

"एकाला उतरवून दुसऱ्याला बसवायचं नाही. ते काम पुढाऱ्यांचं. तुमची लहान गाडी आहे ना, शहरातल्या शहरात माल पोचवणारी? ती तुमचा भाचा चालवतो आणि दर आठवड्याला माझ्याकडं तोडून आणतो. त्या भाच्याला दुकानावर बसवा. हमीदभाईला रोज संध्याकाळी घरी जाता आलं पाहिजे."

शेठ बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. कांद्याकडं एक नजर टाकली. मग म्हणाले, "भाचा बायकोकडचा हाय हो. घरात बोलनं खावं लागंल."

"मी रोज खातो. काही होत नाही."

तोवर गंगूबाई शेडच्या मागून निघून गेली होती. ती उस्मानपुऱ्यातून हमीदभाईंना घेऊन आली ती रिक्षानं. हमीदभाई उतरले, त्यांनी पत्र्यावरचं वाचलं आणि चेहरा लाल झाला.

"ये क्या तमाशा है, मिस्तरी? मेरा नाम दीवार पे? मैं मांगनेवाला हूं क्या?"

शेठच उठले आणि म्हणाले, "भाई, मांगत तर मी हाय. माझी लहान गाडी चालवा आनि ह्या मानसाला भट्टी पेटवायला सांगा."

हमीदभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला, पत्र्यापाशी गेले आणि आपलं नाव घासून घासून पुसलं. बाकीचं तसंच ठेवलं. मग वळून शेठला म्हणाले, "चावी?"

शेठनी खिशातून चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली, ती मी डोळ्यांनी बघितली, आणि मग भाता ओढला.